आबांसाठी गिंबल

आमच्या घरातला टीव्ही गेली तीन वर्षं बंद आहे. बिघडलेला नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हलणारं चित्र सोसत नाही. बातम्यांत कुणी कॅमेरा हातात धरून पळायला लागला की आबा पलंगाची कड घट्ट पकडतात, डोळे मिटतात आणि पुढच्या मिनिटाला त्यांना उलटी होते. मानेचे मणके झिजलेत. डॉक्टरांकडे त्याला लांबलचक नाव आहे, आमच्याकडे नुसतं चक्कर म्हणतात. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, आमच्या एका गल्लीतच, अशा पाच-सहा माना निघतील. तीस-तीस वर्षं कांद्या-बटाट्याची पोती वाहिलेल्या माना. गळ्याला पट्टा लावून ही मंडळी संध्याकाळी एका बाकावर बसतात, आणि शेजारच्याशी बोलायचं झालं तर कमरेपासून वळतात.

माझा धंदा नेमका हलणाऱ्या चित्रांचा. मी ड्रोन उडवतो. लग्नांचे नाही, छपरांचे. सोसायट्यांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, कारखान्यांचे पत्रे, जाहिरातींच्या फलकांचे सांगाडे. जिथे माणूस चढवणं जिवावरचं असतं तिथे मी यंत्र चढवतो आणि खाली उभा राहून चित्रं काढतो. आबांना हा धंदा कधी पटला नाही. "उंटावरनं शेळ्या हाकायचं काम," असं ते बाकावरच्या मंडळींना सांगायचे. मला राग यायचा. पण शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'हमाली' न लिहिता दर वर्षी 'नोकरी' लिहीत आलो होतो, तेव्हा मी कुठल्या तोंडाने रागावणार होतो?

एका रविवारी दुपारी जेवताना मला हुक्की आली. सीवूड्सच्या एका टॉवरची गच्ची आदल्या दिवशी टिपली होती, मागे खाडी, उन्हात चमकणारं पाणी. म्हटलं, दाखवू या म्हाताऱ्याला मुलगा काय करतो ते. मोबाइल समोर धरला. सात-आठ सेकंदं गेली असतील. आबांनी ताटातच उलटी केली.

बायको मला काय बोलली ते लिहीत नाही. ते सगळं निस्तरल्यावर आबा भिंतीला टेकून बसले. चेहरा पांढरा पडलेला, आणि वर मलाच म्हणतात, "तुझं चित्र वंगाळ नव्हतं हां." थोड्या वेळाने विचारलं, "असा वरनं आपला बाजारबी दिसत असंल का रं?"

"वाशीचा? दिसेल की."

"मी त्यो बाजार बघितलाच न्हाय."

मला वाटलं आबांना भ्रम झालाय. तीस वर्षं हा माणूस पहाटे उठून तिथेच गेला होता. "म्हणजे काय आबा?"

"पाठीवर पोतं असल्यावर काय दिसतंय? फरशी बघितली. ट्रकला लावल्याली फळी बघितली. म्होरल्याच्या टाचा बघितल्या. पोतं टाकलं की फुडचं पोतं. च्याला बसलो तर गाळ्याची भिताड. आख्खा बाजार केवढा हाय, कसा हाय, आन् त्यात आमी कसं दिसतुया चालताना, ते कदी बघायला घावलंच न्हाय." मग नेहमीप्रमाणे हात झटकून म्हणाले, "ऱ्हाऊं दे."

आबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हेही मागितलं असं म्हणता येणार नाही. पण मी ते धरून बसलो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, हे वाढत जाणार. काही महिन्यांनी साध्या पडद्याकडे बघणंही त्रासाचं होईल, दाखवायचं ते लवकर दाखवा. म्हणजे हातात वेळ थोडा, आणि चित्र असं हवं की ते केसभरही हलता कामा नये.

चित्र हलतं कशामुळे, हे धंद्यात असल्यामुळे मला माहीत होतं. ड्रोन वाऱ्यात कलतो, पुढे जाताना नाक खाली घालतो, वळताना हिसका देतो. कॅमेरा त्याच्या पोटाला थेट आवळला तर ते सगळं चित्रात उतरतं. म्हणून मध्ये गिंबल बसवतात, बारक्या मोटारी लावलेली एक चौकट. ड्रोन डावीकडे कलला की ती कॅमेऱ्याला तेवढंच उजवीकडे फिरवते, त्यामुळे कॅमेरा आपला जागच्या जागी राहतो. माझ्या सहा पंखांच्या यंत्राला जुनं गिंबल होतं, खिळखिळं झालेलं. छपरांच्या भेगा बघायला ते पुरत होतं. भेगा बघणाऱ्यांना चक्कर येत नाही.

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात ड्रोनचे सुटे भाग मिळतात. मालक इथलाच, खाडीकाठच्या गावातला, आणि गिऱ्हाइकाला घाबरवून माल विकणारा.

"काय उडवनार हायस? लगीन, छप्पर, का सर्व्हे?"

"एका माणसाला दाखवायचंय. त्याला चक्कर येते."

"पार्टी मोठी हाय का?"

"बाप आहे."

त्याने पुढे चेष्टा केली नाही. तीन खोकी काढून काउंटरवर मांडली. पहिलं दोन मोटारींचं, हलकं. यंत्र हवेत जास्त वेळ टिकेल. दुसरं तीन मोटारींचं, माझा मोठा कॅमेरा उचलणारं, पण एवढं जड की यंत्र जेमतेम अकरा मिनिटं वर राहील. तिसरं एवढंसं, कॅमेरा त्यातच बसवलेला. "ह्यो तिसरा घे न मोकला हो, कायपन टेन्शन नाय," तो म्हणाला. पण त्या बारक्या कॅमेऱ्याला पत्र्याखालच्या सावलीतलं काही नीट दिसत नाही. मला तर आबांना त्यांचा गाळा दाखवायचा होता. तीनदा गेलो, तीनदा हात हलवत परत आलो. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत हो म्हणालात. ह्याला काय एवढं?"

शेवटी पहिलं घेतलं. हलकं, म्हणून. घरून उडवायला परवानगी नव्हती, म्हणून जिथे चालतं त्या मैदानावर जाऊन टिपून आणलं, आणि आबांना पलंगावर बसवून दाखवलं. पुढ्यात घमेलं. सरळ उडताना चित्र छान होतं. यंत्र वळलं तिथे दोन मोटारी कमी पडल्या. पुढे-मागे आणि आडवं कलणं त्या सांभाळत होत्या, पण गर्रकन फिरणं त्यांच्या हातात नव्हतं. आबांनी घमेलं ओढून घेतलं. मी घड्याळ लावून बसलो होतो. चोवीस सेकंदं. आणि मला, देवा शपथ सांगतो, आधी वाटलं की सातवरून चोवीसवर आलो, प्रगती आहे.

हा माझ्यातला वाईट भाग आहे आणि तो मला झाकायचा नाही. पुढचे चार महिने मी दर आठवड्याला त्यांना काहीतरी दाखवत होतो. किती सेकंदं टिकतात बघत होतो. ते नाही कधी म्हणाले नाहीत. "आण," म्हणायचे, आणि पलंगाच्या कडेला सरकून बसायचे, पूर्वी पाठीवर पोतं घ्यायला बसत असतील तसेच. बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "अहो, माणूस आहेत ते. उंदीर नाहीत प्रयोगाचे." मी तिच्यावर ओरडलो. ती बरोबर होती म्हणून जास्त जोरात ओरडलो.

दोन मोटारींचं परत देऊन तीन मोटारींचं जड आणलं. आता वळताना हिसका नव्हता. मला वाटलं जिंकलो. आबा मान न हलवता म्हणाले, "कढत्या तेलागत दिसतंय." मला काही दिसेना. चित्र मोठं करून बघितलं तेव्हा कळलं, विजेचा खांब खरोखर बारीक बारीक लवत होता. पंख्यांची थरथर ती. गिंबलच्या मोटारी मोठं हलणं सांभाळतात, एवढी बारीक थरथर त्यांना कळतच नाही. त्यासाठी यंत्र आणि गिंबल यांच्या मध्ये रबराचे गोळे असतात, ते माझे कडक होते. मऊ आणले. पंखे एकेक काढून तोलले. महाप्याचा मालक म्हणाला, "तुझा बाप आमच्याकडं कामाला पाठव. मशीनला दिसत नाय त्याला दिसतंय." मी हसलो, पण घरी आल्यावर ते आबांना सांगावंसं वाटलं नाही.

मऊ गोळे लावल्यावर नवीनच दुखणं निघालं. गिंबल चालू केलं की गुणगुणायचं, मोटार तापायची आणि कॅमेरा हळूहळू तोंड खाली घालायचा. आगीतून फुफाट्यात. एका सकाळी मी ते जेवणाच्या टेबलावर उलटंसुलटं करत बसलो होतो, सेटिंगचे आकडे बदलत होतो, शिव्या देत होतो. आबा भिंत धरत आले, शेजारी बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्याचं काम काय?"

"अंग कितीही हललं तरी डोकं हलू द्यायचं नाही."

"मंग ते आमीबी करत हुतो," ते म्हणाले. "ह्याचा जीव आदी बंद कर. मोकळं सोड. कुठं पडतंय ते बघू."

मी मोटारी बंद केल्या. कॅमेरा धप्पकन पुढे पडला. आबांनी दोन बोटांनी तो उचलला, सोडला, पुन्हा उचलला. त्यांचा हात थरथरत नव्हता. जे काही बिघडलंय ते मानेच्या वरच. स्क्रू सैल करायला सांगून त्यांनी कॅमेरा जेमतेम नखभर मागे सरकवला. मग सोडला. जिथे सोडला तिथे तो थांबला. तिरका धरून सोडला, तिरकाच थांबला.

"तू ताकदीनं धरायला बघतुयास त्याला," आबा म्हणाले. "ताकदीनं कोन किती धरंल? वजनानं मान जात न्हाय. वजन जागंवरनं सरकलं की जाती. पोतं एकदा खड्ड्यात बसलं, ह्या हितं, मानंच्या खाली, मंग तुमी फळीवर नाचा."

असं म्हणून त्यांनी माझं बोट धरून स्वतःच्या मानेखाली लावलं. तिथे कातडीचा एक घट्टा आहे, चामड्यासारखा. चाळीस वर्षांचा झालो, पण मी आधी कधी तिथे हात लावला नव्हता. त्यानंतर गिंबल गुणगुणलं नाही.

तरी एक राहिलंच. लांब चक्कर मारून यंत्र परतलं की चित्रातलं क्षितिज हळूहळू एका बाजूला कलायचं. फार नाही, दारावरची तसबीर वाकडी व्हावी तेवढं. मालक म्हणाला, एवढं चालतं, कोणाला कळत नाही. आबा चित्र बघता बघता त्याच बाजूला कलत गेले आणि मी खांदा पकडला नसता तर पलंगावरून खाली आले असते. त्या दिवशी ते पहिल्यांदा म्हणाले, "बास का आता?" मी घाबरलो. डॉक्टरांनी सांगितलेला काळ संपत आला होता. साध्या घड्याळाच्या काट्याकडे बघूनही ते मधूनच डोळे मिटायला लागले होते.

मग मला तोड सुचली. क्षितिजच नको. कॅमेरा सरळ खाली करायचा, नाकासमोर जमीन. कलणार ते दिसणारच नाही. तसं टिपून आणलं, मैदानाची नुसती माती, एक गाय, दोन दगड. आबांनी पूर्ण तीन मिनिटं बघितलं. घमेलं रिकामं. मी बायकोला हाक मारून सांगितलं, माझं ठरलं. तीन मोटारींचं जड गिंबल, मऊ गोळे, कॅमेरा सरळ खाली. माझ्या अकलेचं मला कौतुक वाटलं.

बाजारावर उगाच उडवता येत नाही, त्यातून आता विमानतळ शेजारी आलाय. पण पावसाळ्याआधी तिथल्या काही व्यापाऱ्यांना गळके पत्रे तपासून हवे होते. त्या कामासाठी मी कागदांचा पिच्छा पुरवला. एका सकाळची परवानगी मिळाली, सात ते नऊ. पत्र्यांचं काम आधी उरकलं आणि शेवटची बॅटरी आबांसाठी ठेवली. अकरा मिनिटं. वाहनतळाच्या कडेला उभा राहून मी पडद्यावर बघत होतो. राखाडी पत्र्यांच्या रांगा, मधले रस्ते, ट्रकच्या पाठी, कांद्याचे ढीग, सगळं अलगद सरकत होतं. वारा होता, यंत्र वर चांगलंच झोकांड्या खात होतं. चित्रात त्याचा मागमूस नव्हता. एवढं स्थिर चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं, नंतरही नाही.

त्याच दुपारी आबांना दाखवलं. मोबाइलवर नाही, मुद्दाम मोठ्या पडद्यावर, टीव्हीवर. तीन वर्षांनी तो लावला. बायको घमेलं घेऊन दारात उभी राहिली.

आबांचे हात सुरुवातीला पलंगाच्या कडेवर होते. मिनिटभराने मांडीवर आले. "ह्यो कांदा-बटाटा न्हवं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग आमचा गाळा ह्या वळीत. टोकाकडनं चौथा." पुढे होऊन त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "केवढा हाय रं." पुन्हा म्हणाले, "केवढा हाय." बायकोने घमेलं खाली ठेवलं. मला केवढा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मग चित्रात एक ट्रक आला. मागचं फाळकं उघडं, हमालांची टोळी माल उतरवायला लागलेली. ट्रकपासून गाळ्यापर्यंत पोत्यांची ओळ चाललेली.

"थांबीव," आबा म्हणाले. मी थांबवलं. "ही कोन?"

"टोळी आहे आबा. माल उतरवतायत."

"पोती हायेत ही. मानसं कुठं हायेत?"

"खाली आहेत. पोत्याखाली."

"दाव की."

मी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. पोत्याची वीण दिसली, तोंड शिवलेली सुतळी दिसली, सुतळीची गाठ दिसली. माणूस दिसला नाही. सरळ वरून बघितल्यावर पोत्याखालच्या माणसाचं काहीच दिसत नाही. ट्रककडे रिकामे परतणारे दिसत होते, टोप्यांचे ठिपके. आबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी पुन्हा चालू केलं. पोती आपली आपण चालत होती. एक पाऊल पुढे पडताना कुठेतरी अंगठा दिसायचा आणि परत आत जायचा.

"त्यो पाय," आबा म्हणाले. "दिसला का? पाय हाय त्यो."

कॅमेरा जरा तिरका धरला असता तर चेहरे आले असते. पण तिरकं मीच काढून टाकलं होतं, आणि परवानगी एका सकाळचीच होती. मला स्वतःची लाज वाटली. आणखी चार-पाच पोती गाळ्याकडे गेली.

"शेट वर माडीवर बसायचा," आबा म्हणाले. माझ्याशी बोलत होते की टीव्हीशी, कळलं नाही. "गाळ्याच्या वरच त्याची खिडकी. मी फळीवरनं पडलो, मान गेली, त्या दिशी त्यानं वरनं वाकून इचारलं, पोतं फुटलं का. बाकी काय इचारलं न्हाय. लई वर्सं डूख धरला म्या त्याच्यावर. मेला तवा मातीलाबी गेलो न्हाय."

पडद्यावर पोती सावलीत शिरत होती.

"त्याला हेच दिसत असंल. मंग त्याचं तरी काय चुकलं म्हनायचं."

मी कसंबसं विचारलं, "आबा, चक्कर येतेय का?"

"न्हाय," ते म्हणाले. "जरासुदिक हालत न्हाय. बंद कर."